मुरबाडच्या शेतघरात आठवडाभर
ठाण्याहून कल्याणमार्गे सहज गाठता येणाऱ्या मुरबाड तालुक्यातील या शेतघरात आठवडा काढायचा असेल, तर भातलावणीचे दिवस निवडावेत, कारण गुडघाभर चिखलात मुठीतून दोन-तीन रोपे सोडवून ती अंगठ्याने कशी रोवायची, हे यजमान स्वतः शेतात उतरून शिकवतात. वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढण्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा. तिथल्या लेण्यातील सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख आणि माथ्यावरचा दगडी रांजण घाईघाईत पाहण्यासारखे नाहीत. गोरखगडाच्या कातळपायऱ्या मात्र पावसात टाळाव्यात. तांदळाची भाकरी आणि लसणाच्या फोडणीची टाकळ्याची भाजी, हे जेवण मला मनापासून आवडले. अंथरुणे दमट लागतात, तेवढी व्यवस्था यजमानांनी अवश्य सुधारावी.