पत्र्याचा कूलर: दोन उन्हाळे वापरल्यानंतरचा अभिप्राय

नागपुरात कूलर ही चैनीची वस्तू कधीच नव्हती, पण आता तो औषधांच्या डब्याइतकाच गरजेचा झाला आहे, हे मी अनुभवाने सांगतो. 2024 हे जगात आजवर नोंदले गेलेले सर्वांत उष्ण वर्ष ठरले, आणि त्याच वर्षी ऐन नवतपात माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला घरात, सावलीत बसल्या जागी ऊन लागले. दुपारी तिच्या अंगाला हात लावला तेव्हा ते तापलेले आणि कोरडे होते, आणि ती मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारत होती. वयाबरोबर तहान जाणवेनाशी होते, घाम कमी येतो आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे शरीरातले पाणी लघवीवाटे अधिक जाते, हे मला रुग्णालयात समजले. खोलीतली हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर पंखा ती उष्णता अंगावरच आणून सोडतो, हेही तिथेच कळले.

ती घरी आल्यावर मी पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक दुकानातून साठ लिटरच्या टाकीचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या असलेला कूलर घेतला. बाहेर 44 अंश असताना आईच्या पलंगाजवळचा तापमापक 30 अंश दाखवतो. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते, एवढ्याच तत्त्वावर हे यंत्र चालते, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका गारवा अधिक. मात्र समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि तासाभरात जीव घुसमटतो. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रात्रीचा उपयोग. आता रात्रीही भिंती निवत नाहीत, आणि दिवसभर तापलेल्या शरीराला, विशेषतः हृदयाला, सावरायला जी सवड हवी असते ती मिळत नाही. ती सवड आईला या कूलरने दिली.

त्याची मर्यादा जूनमध्ये कळते. पारा 38 अंशांवर उतरतो, पण आर्द्रता 55 टक्क्यांच्या घरात गेली की कितीही उत्तम कूलर असला तरी 30 अंशांखाली जाऊच शकत नाही, शिवाय अंगावरचा घामही वाळत नाही. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 माणसे गेली, तेव्हा तिथला पारा विदर्भाच्या मानाने कमीच होता. म्हणून मुंबई-कोकणातल्या वाचकांनी हा कूलर घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

माझी खरी तक्रार टाकीविषयी आहे. पाणी सोडण्याची तोटी तळापासून दोन बोटे वर बसवलेली होती, त्यामुळे टाकी रिकामी केली तरी तळाशी पाणी उरायचे. पहिल्या पावसानंतर टॉर्च लावून पाहिले तर त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, उबेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि कडेला चिकटलेली अंडी कोरड्या पत्र्यावरही कित्येक महिने तग धरतात. ज्या उन्हापासून आईला वाचवायला यंत्र आणले, त्याच यंत्रातून दुसरा आजार घरात आला असता, या विचाराने मी फार अस्वस्थ झालो. दुकानदाराने तोटी खाली बसवून दिली, पण ती मुळातच तशी असायला हवी होती. आता दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून काथ्याने कडा घासतो आणि ती उन्हात वाळवतो.

ज्यांच्या घरी वृद्ध माणसे किंवा लहान मुले आहेत आणि ज्यांना एसीचे बिल परवडत नाही, अशा विदर्भ-मराठवाड्यातल्या कुटुंबांनी हा कूलर जरूर घ्यावा. पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः वाकून पाहाव्यात: तोटी अगदी तळाशी आहे का, आणि पत्र्याला अर्थिंगची तार जोडली आहे का. ओल्या हाताने पत्र्याला स्पर्श होऊन शॉक लागल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात.