डिफरन्शियलच्या कव्हरला राखाडी सिलिकॉन: मे ते दिवाळी वापरल्यानंतर

गाडी महिंद्राची जुनी जीप. मागच्या डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गियरची पेटी) पत्र्याचं कव्हर, आत कागदी पॅकिंग. ते पॅकिंग कुजलं आणि हाऊसिंगच्या खालच्या अंगाला तेल-धुळीचा चिखल साचू लागला. तयार पॅकिंग मिळेना. जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला विचारत फिरलो, तर दर दुकानात पॅकिंगऐवजी लावायच्या लेपाची वेगळीच ट्यूब पुढे आली. शेवटी थ्रीबॉन्ड १२१५ घेतलं. हे राखाडी सिलिकॉन सुझुकीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ‘सुझुकी बाँड १२१५’ या नावानं दिसतं. मे महिन्यात लावलं. त्यानंतर रावेर-सावद्याच्या केळीच्या फेऱ्या झाल्या, पालचा घाट झाला, पूर्ण पावसाळा गेला. कव्हरची कड आजही कोरडी आहे. बोट फिरवलं तर फक्त धूळ लागते.

बाकीच्या ट्यूबा का नाकारल्या ते सांगतो, कारण निवड तिथेच ठरते.

लाल ‘हाय टेम्प’ सिलिकॉन सगळ्यात जास्त खपतं. पण डिफरन्शियल म्हणजे सायलेन्सर नव्हे. तिथे तीनशे अंशांचा कस लागत नाही, तेलाचा लागतो. डिफरन्शियलमध्ये भरतात त्या जीएल-५ दर्जाच्या गियर ऑइलमध्ये दाबाखाली दाते वाचवणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात, आणि साधं सिलिकॉन त्यात फुगून मऊ पडतं. ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ती तर घेऊच नका. वाळताना तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि लोखंडाला गंज धरतो.

लॉकटाइट ५१५ सारखं ॲनारोबिक सीलंट एका मिस्तरींनी आग्रहानं सुचवलं. माल उत्तमच आहे, पण ते हवा नसताना, दोन धातूंच्या घट्ट फटीतच घट्ट होतं. मशीन केलेल्या दोन जाड पृष्ठभागांसाठी मी तेच घेईन. पत्र्याचं कव्हर मात्र लवतं आणि बोल्टाच्या भोकांपाशी दबलेलं असतं. तिथे रबरासारखं ताणणारं सिलिकॉनच हवं. शेलॅक, म्हणजे लाखेचा चिकट लेप, लावून बरीच वर्षं गाड्या चालल्या हे खरं, पण ते कागदी पॅकिंगच्या जोडीला. एकटं लावायची ती वस्तू नाही.

आता आपल्या खान्देशापुरतं, आणि हे दुकानदार सांगत नाही. हे सिलिकॉन उन्हानं वाळत नाही, हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसपुढे असतो आणि दुपारची हवा ठणठणीत कोरडी. लोकांना वाटतं अशा उन्हात तासाभरात काम होईल. वरची साय लवकर धरते, पण आतला भाग कच्चाच राहतो. ट्यूबवर चोवीस तास लिहिलेले असले तरी मी संध्याकाळी लावून दोन रात्री गाडी उभी ठेवली आणि मगच तेल भरलं. श्रावणात हेच काम लवकर उरकेल.

लावण्याआधी कव्हर सपाट लोखंडावर ठेवून भोकांभोवतीचे उंचवटे हलक्या हातानं ठोकून बसवले. जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही बाजू ॲसिटोननं पुसल्या. पेट्रोलनं पुसू नका, ते मागे तेलकट थर ठेवतं. सुमारे तीन मिलिमीटरची अखंड धार काढली, प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगानं. जाड थर दिला की जास्तीचा माल आत पिळला जातो, तुकडे सुटतात आणि तेलासोबत बेअरिंगपर्यंत फिरतात. बोल्ट आधी हातानं टेकवले, तासाभरानं समोरासमोरचे घेत आवळले.

एक उणीव आहे: कव्हर परत काढायचं झालं तर ते सहज सुटणार नाही. कड न वाकवता पातळ पट्टी घालत फिरावं लागेल.

ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट, साफ केल्याशिवाय हे काम करू नका. एक्सलवरची ती छोटी टोपी आपल्या शेतरस्त्यांच्या मातीनं बुजते. तेल तापलं की आत दाब चढतो आणि जिथे वाट मिळेल तिथून तेल ढकलतो. माझी टोपी बुजलेलीच निघाली. ती तशीच राहिली असती तर कितीही महागडी ट्यूब टिकली नसती. तेलही भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच ठेवा.

दसऱ्यापासून पुढे पिनियनपाशी, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा डिफरन्शियलला जोडला जातो तिथे, ओल दिसते. तो दांड्याभोवतीच्या सीलचा, म्हणजे रबरी कड्याचा, प्रश्न आहे, सिलिकॉन थापून मिटणारा नाही. नवं सील आणून ठेवलंय. पिनियनचा नट खोलण्याआधी त्याच्या जागेची खूण करायची, म्हणजे बेअरिंगचा ताण बदलत नाही.