कॉलेज क्लब चालवायला व्हॉट्सॲप कम्युनिटी कशी आहे? डिस्कॉर्ड, टेलिग्रामसकट रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, कारण सबमिशनच्या दिवसांत लांबलचक रिव्ह्यू वाचायला कोणाला वेळ आहे. शहरातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत नाटक, डिबेट, ट्रेकिंग, फोटोग्राफी असला कुठलाही क्लब चालवत असाल तर निरोप पोचवायला व्हॉट्सॲप कम्युनिटीला तोड नाही, पण क्लबचं डोकं तिथे ठेवू नका. डोकं म्हणजे फाइली, हिशोब, मागच्या वर्षी हॉलची परवानगी कोणत्या टेबलावरून मिळाली होती, स्पर्धेची एन्ट्री कशी भरली होती, हे सगळं. ते डिस्कॉर्डवर न्या. टेलिग्रामबद्दल खाली थोडंसंच लिहिलंय कारण थोडंसंच लिहिण्यासारखं आहे.

शहरातली युनिव्हर्सिटी हे मुद्दाम म्हणतेय हां. जिथे सगळे हॉस्टेलला राहतात तिथे मेसमध्ये एकाला सांगितलं की रात्रीपर्यंत मजलाभर पसरतं, ॲपबिपची फार गरज पडत नाही. शहरात निम्मी पोरं तास-दीड तासाचा प्रवास करून येतात, शेवटचं लेक्चर सुटलं की स्टेशन नाहीतर बसस्टॉप गाठायचा, काहींचा पार्टटाइम जॉब, त्यात डिपार्टमेंटं एकमेकांपासून लांब, म्हणजे आपल्याच क्लबमधला माणूस महिनाभर नुसता डीपी म्हणूनच दिसतो असंही होतं. क्लब बहुतेक वेळ फोनातच असतो. म्हणून कुठलं ॲप हा प्रश्न दिसतो तेवढा फालतू नाहीये. आणि तसं बघितलं तर फेसबुक मुळात ह्याच कामासाठी जन्मलं होतं, फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुरतं, सगळ्यांसाठी उघडलं ते सप्टेंबर २००६ मध्ये. आज फर्स्ट इयरच्या पोराला फेसबुक ग्रुपची लिंक पाठवा, लग्नाची पत्रिका पोस्टाने आल्यासारखा चेहरा करतो.

तर व्हॉट्सॲप कम्युनिटी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, त्याच सुमारास साध्या ग्रुपची मर्यादाही १०२४ झाली. रचना सोपी आहे, वर एक अनाउन्समेंट ग्रुप जिथे फक्त ॲडमिन बोलणार, आणि त्याखाली तुम्ही काढाल ते छोटे ग्रुप, लाइट्सवाले, पोस्टरवाले, स्पॉन्सरशिपवाले. याच्या आधी सगळ्या क्लबचा एकच भलामोठा ग्रुप असायचा आणि त्यात काय व्हायचं ते ज्याने भोगलंय त्याला माहितीये. दुपारी दोनला मेसेज पडतो, "उद्या ५ वाजता, सेमिनार हॉल २, सगळ्यांनी यायचंय". त्याच्याखाली बत्तीस अंगठे, कोणाच्यातरी वाढदिवसाचे केक, एक मीम, मग त्या मीमवर वाद, आणि रात्री अकराला ठरल्याप्रमाणे एक जण येतो, "उद्या आहे का काही?" त्याला कोणीतरी उत्तर देतं "हो ५ ला", मग दुसरा "कुठे?", मग ॲडमिन वैतागून तोच मेसेज परत टाकतो, तो परत केकांखाली गाडला जातो. अनाउन्समेंट ग्रुपने हे दुखणं खरंच घालवलंय. तिथे फक्त निरोप असतो, वर सरकवलं की दिसतो, प्रश्न विचारणारे खालच्या ग्रुपात विचारतात. यासाठी पैकीच्या पैकी.

दुसरी जमेची बाजू, आणि ही मुलींना विचारा म्हणजे पटेल, ती नंबरची. मोठ्या ओपन ग्रुपमध्ये जॉइन झालं की आपला नंबर शेकडो अनोळखी लोकांपुढे उघडा पडतो, आणि मग संध्याकाळपर्यंत "हाय, तू पण फर्स्ट इयर का" असे दोन-तीन मेसेज आलेच समजा. कम्युनिटीच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये बाकीच्या मेंबरांना तुमचा नंबर दिसत नाही, ॲडमिनना दिसतो, आणि ज्यांनी आधीच सेव्ह केलाय त्यांना. म्हणजे नुसती कार्यक्रमांची माहिती हवीये, ओळखीपाळखी नकोयत, असं असेल त्या मुलीला लपून राहता येतं. पण लाइट्सच्या ग्रुपात शिरलात की तिथल्या लोकांना नंबर दिसणार, हे ओरिएंटेशनच्या दिवशीच तोंडाने सांगा, बरेच क्लब सांगत नाहीत आणि मग एखादी गुपचूप निघून गेली की कमिटी म्हणते हल्लीच्या पोरींना इंटरेस्ट नसतो. इंटरेस्ट होता हो, तुमचे मेंबर आवरा आधी. ऑगस्ट २०२२ पासून ग्रुप सोडला तर सूचना फक्त ॲडमिनला जाते, सगळ्यांसमोर "लेफ्ट" असं झळकत नाही, त्यामुळे कोण का गेलं हे विचारायची जबाबदारीही ॲडमिनवरच येते.

आता क्यूआर कोड. ओरिएंटेशनच्या आठवड्यात सगळे क्लब पोस्टरवर जॉइन व्हायचा क्यूआर छापतात आणि कॅम्पसभर चिकटवतात. लिंक मग फॉरवर्ड होत होत कुठेही जाते, क्लासची जाहिरात करणारे, घरबसल्या कमाईवाले, सगळे आत. ॲडमिन चिडून लिंक रीसेट करतो आणि त्याच क्षणी कॅम्पसवरचं प्रत्येक पोस्टर मरतं, कारण जुना कोड आता कुठेच जात नाही, आणि पोस्टर काढायला तर कोणी गेलेलं नसतं, सेमिस्टर संपेपर्यंत पोरं मेलेला कोड स्कॅन करत राहतात. ह्यावर उपाय आहे, नवीन मेंबरला ॲडमिनची मंजुरी लागेल ही सेटिंग पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, आणि पोस्टरवर थेट ग्रुपची लिंक न देता एखाद्या साध्या फॉर्मची द्या, नाव, डिपार्टमेंट, कशात रस आहे, बास. मग फॉर्म बघून आत घ्या. थोडं काम वाढतं पण फॉर्म भरण्याएवढी तसदी घेणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या मीटिंगला येतो.

पोलबद्दल एकच सांगते. वेळ ठरवायला छान, बारापर्यंत पर्याय टाकता येतात. पण साध्या ग्रुपात कोणी कशाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे सेक्रेटरी निवडायला हा पोल वापरू नका. नाव दिसतंय म्हटल्यावर ज्युनियर मंडळी सिनियर ताई-दादांनी कुठे टिचकी मारलीये ते बघतात आणि तिथेच टिचकी मारतात. वर्गात चिठ्ठ्या टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि आता मुख्य तक्रार. व्हॉट्सॲपला आठवण नाही. म्हणजे ज्याच्या फोनात आहे त्याच्या फोनात आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये जो नवा माणूस ग्रुपात येतो त्याच्यासमोर मागच्या पाच वर्षांचा क्लब उलगडत नाही, त्याचा क्लब जवळपास त्याच्या जॉइन होण्यापासूनच सुरू होतो. तुमच्या खाजगी गप्पांसाठी हे उत्तमच आहे, संस्थेसाठी वाईट. विद्यार्थ्यांच्या क्लबात माणसं तीन वर्षांत संपतात, दरवर्षी एक तृतीयांश माहिती पदवी घेऊन निघून जाते. साउंडवाल्याचा नंबर कोणाकडे, परवानगीच्या अर्जावर कोणाकोणाच्या सह्या लागतात, रात्री उशिरापर्यंत तालीम करायची तर सिक्युरिटीला आधी काय द्यावं लागतं, हे कोणातरी पास झालेल्या दादाच्या चॅटमध्ये पडलेलं असतं आणि दादा आता नोकरीत, निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. त्यात कोणी हौसेने डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे आपोआप पुसले जाणारे, चालू करून ठेवले असतील, ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावता येतात, तर मग आनंदच. पिन केलेला मेसेजसुद्धा जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो.

म्हणून डिस्कॉर्ड. हे २०१५ मध्ये गेमिंगवाल्यांसाठी निघालं आणि अजून त्याचा वास येतो, पहिल्यांदा उघडलं की डावीकडे गोल गोल चिन्हं, मग चॅनलांची, म्हणजे विषयवार चॅटच्या खोल्यांची, रांग, साहित्य मंडळाच्या एखाद्या शांत मुलीला वाटतं आपण चुकून विमानाच्या कॉकपिटमध्ये आलो. पण आठवडाभर तग धरला तर ह्याच्यासारखं दुसरं नाही. नवा माणूस आत आला की, तुम्ही परवानगी दिली असेल तर, त्या चॅनलमधलं पहिल्या दिवसापासूनचं सगळं त्याला वाचता येतं. सर्च नीट चालतो, अमक्याने लिहिलेलं, अमक्या चॅनलमधलं, फक्त फाइल असलेलं असं चाळता येतं. "परवानगी" एवढा शब्द टाकला की दोन वर्षांपूर्वीचा अर्ज, त्याच्याखाली "क्लार्क म्हणाले तारीख अक्षरात पण लिहा", त्याच्याखाली "झालं, सही मिळाली" हे एका जागी सापडतं आणि तुमची एक फेरी वाचते. रोल्स पण कामाचे आहेत, "कमिटी" रोल असलेल्यांनाच हिशोबाचं चॅनल दिसेल, फर्स्ट इयरला फक्त त्यांच्या उपयोगाची चार चॅनलं दिसतील. फोन नंबर कोणालाच दिसत नाही, युजरनेम असतं.

ज्यावर मी खरी फिदा आहे ते म्हणजे व्हॉइस चॅनल. कॉल करायचा नाही, कोणाला बोलवायचं नाही, नुसतं जाऊन बसायचं, आणि बाकीच्यांना दिसतं की दोघं-तिघं आत बसलेत. प्रवास करणाऱ्या पोरांच्या क्लबाला हे फार म्हणजे फारच मानवतं. कॅम्पसवर कट्ट्यावर बसायला ज्यांना मिळत नाही ते रात्री साडेनऊला घरून येतात, स्क्रिप्टचं वाचन होतं, मधेच कोणाची आई आत येऊन जेवायला बोलावते आणि ते सगळ्यांना ऐकू जातं, मग पंधरा मिनिटं वाचन बाजूलाच राहतं. कट्टा म्हणजे अजून काय असतं?

तोटे? लोक उघडत नाहीत. हा एवढा मोठा तोटा आहे की बाकीचे लिहायची गरज नाही, तरी लिहिते: मोफत खात्यावर १० एमबीच्या वरची फाइल जात नाही, म्हणजे पोस्टर जाईल पण प्रयोगाचा व्हिडिओ नाही, त्यासाठी ड्राइव्हची लिंक लागते. मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, म्हणजे ते फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असं कुलूप नाही, तेव्हा आयडी कार्डांचे फोटो, बँकेचे तपशील असलं काही तिथे टाकू नका. काही कॅम्पसांच्या वायफायवर ते ब्लॉक असतं. आणि नोटिफिकेशन फक्त मेन्शनपुरतं, म्हणजे नाव घेऊन हाक मारली तरच, ठेवायची सेटिंग सर्व्हर (क्लबची डिस्कॉर्डवरची जागा) काढतानाच करून टाका, नाहीतर पहिल्या दिवशी दीडशे टिंगटिंग ऐकून पोरं म्यूट करतात आणि मग कायमची म्यूट.

टेलिग्राम. एका ग्रुपात दोन लाख माणसं मावतात, तुमच्या क्लबात फार तर तीनशे आहेत. फाइल २ जीबीपर्यंत जाते, जुना इतिहास नव्यांना दाखवायचा की नाही हे ठरवता येतं, पोल निनावी करता येतो, विषयवार टॉपिकही पाडता येतात, कागदावर सगळं एक नंबर. पण पोरांच्या फोनात ते नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचं कपाट म्हणून असतं, तिथे गप्पा मारायला कोणी जात नाही. स्टडी ग्रुप असेल तर डोळे झाकून घ्या. नाटकाचा असेल तर राहू द्या.

एक गोष्ट तिन्हींकडे सारखी, ती म्हणजे मोठ्या ग्रुपात पडणारी शांतता. तीनशे जणांत एखादी नवी मुलगी विचारते "ऑडिशनला काही तयारी करून यायची का?" आणि तीनशे जण वाचतात, प्रत्येकाला वाटतं कमिटीवाला कोणीतरी देईल उत्तर. कोणी देत नाही. ती परत कधीच काही विचारत नाही, ऑडिशनलाही येत नाही. हेच पंधरा जणांच्या लाइट्स ग्रुपात विचारलं असतं तर दोन मिनिटांत चार उत्तरं आणि वर "ये गं, घाबरू नकोस" पण मिळालं असतं. त्यामुळे कम्युनिटी काढलीत तर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एखाद्या छोट्या ग्रुपात टाका, काम येत नसलं तरी, आणि त्या ग्रुपात एका सिनियरला नेमून ठेवा की उत्तर तूच द्यायचंस. मेंबर तिथे तयार होतात, अनाउन्समेंट ग्रुपमध्ये नुसते प्रेक्षक.

शेवटचं, हँडओव्हर. व्हॉट्सॲप ग्रुपातून एकुलता एक ॲडमिन निघून गेला तर ॲप आपलं आपणच कोणालातरी ॲडमिन करतं, आणि तो कोणीही असू शकतो, दोन वर्षांपासून म्यूटवर असलेला पण. डिस्कॉर्डवर सर्व्हरचा मालक एकच, त्याने मालकी हातानेच दुसऱ्याकडे द्यावी लागते, द्यायचं विसरून तो पास होऊन गेला की त्याच्या मागे लागा. टेलिग्रामवर तर मालकी देणाऱ्याच्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (लॉगिनच्या कोडशिवाय वरून आणखी एक पासवर्ड) किमान सात दिवस आधीपासून चालू असावं लागतं, म्हणजे फेअरवेलच्या संध्याकाळी फोटो काढता काढता "अरे दादा, ग्रुप ट्रान्सफर कर ना" म्हटलंत तर होणार नाही. शेवटच्या सेमिस्टरच्या परीक्षा लागायच्या आधीच्या महिन्यात एक मीटिंग लावा, नव्या-जुन्या सेक्रेटरीने शेजारी बसून मालकी, ड्राइव्ह, क्लबचा ईमेल, सोशल मीडियाचे पासवर्ड सगळं तिथल्या तिथे बदलून घ्या, आणि रिकव्हरीचा फोन नंबर बदलायला विसरू नका, तोच नेमका राहतो.