रद्दीच्या दुकानातील बालमासिके

आर्वी तालुक्यातील आमच्या बाजारगावात रद्दीच्या एका दुकानामागील खोलीत जुनी बालमासिके मिळतात आणि ती किलोने न विकता अंकागणिक विकली जातात, असे कळल्यावर मी मुद्दाम तेथे गेलो. खोली लहान आहे, पण दुकानदाराने अंक संपादकांच्या कारकिर्दीनुसार लावले आहेत, आणि ही मांडणी मी नागपुरातही पाहिलेली नाही.

तिचे मोल ‘चांदोबा’च्या फळीपाशी कळते. मद्रासहून निघणाऱ्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. त्याच वर्षी मूळ तेलुगू मासिकाची धुरा कोडवटिगंटि कुटुंबराव यांच्याकडे आली आणि १९८०मध्ये निधन होईपर्यंत ती त्यांनी वाहिली. लहानपणी आम्हांला ओढ असे ती शंकर यांनी रंगवलेल्या, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेल्या विक्रमाची; संपादकाचे नाव कोण वाचतो? आज तेच अंक सलग चाळताना मात्र कथा कुठेही पाल्हाळ न लावता पुढे नेणारी एक शिस्त जाणवते, आणि ती भाषांतरातूनही टिकली याचे नवल वाटते.

‘किशोर’चे अंक येथे सर्वांत जास्त आहेत. बालभारतीचे हे मासिक नोव्हेंबर १९७१मध्ये निघाले, तेव्हा वसंत शिरवाडकर संपादक होते. पाठ्यपुस्तके काढणाऱ्या मंडळाचे मासिक म्हणजे आणखी एक धडा, अशी धास्ती मुलांना वाटू नये याची काळजी त्या सुरुवातीच्या अंकांत पानोपानी दिसते. केवळ वाचायचे असेल, तर ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, येथे पैसे खर्च करावेत ते ज्याला कागदच हातात हवा आहे त्याने.

भा. रा. भागवतांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘बालमित्र’चे मोजके अंक आहेत. फास्टर फेणेचे जनक म्हणून ओळखले जाणारे भागवत संपादक म्हणून कसे होते, हे पाहायचे असेल तर किमतीची घासाघीस न करता ते घ्यावेत.

दोष आहेतच. छप्पर टिनाचे असल्यामुळे उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो, काही अंकांना वाळवी लागलेली आहे, आणि मुखपृष्ठ नसलेल्या अंकालाही धडधाकट अंकाइतकीच किंमत सांगितली जाते. विदर्भातील दुकानात नागपूरच्या ‘मुलांचे मासिक’चा एकही अंक नसावा, हे मला अधिक खटकले. विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “गुरुजी, ते कोणी विकायलाच आणत नाही.” नाव आणि फोन क्रमांक लिहून ठेवल्यास अंक आल्यावर ते कळवतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी दुकान बंद असते, म्हणून सकाळीच जावे आणि बाजाराचा दिवस टाळावा. त्या दिवशी मागची खोली उघडायला त्यांना सवड नसते.