टायमिंग कव्हरचं ऑइल लीकेज: सिलिकॉन लावून उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, बाकीचं लांबलचक आहे. मागच्या उन्हाळ्यात टायमिंग कव्हर (इंजिनाच्या बाजूला टायमिंग चेन झाकणारं झाकण) खोललं, साफ केलं, करड्या सिलिकॉनवर (ट्यूबमधून येणारा, सुकून रबरासारखा होणारा लेप) परत बसवलं. त्यानंतर पावसाळा गेला, थंडी गेली, आता परत ऊन तापायलंय आणि कव्हरचा जॉइंट अजून कोरडा आहे, म्हणजे बोट फिरवलं तर धूळ लागते, तेल नाही. याच गाडीला आधी वेगवेगळ्या गॅरेजात सिलिकॉन लावून झालेलं होतं आणि दर वेळी महिना-दोन महिने बरं, मग परत चालू. ट्यूबमध्ये काही जादू नव्हती, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. फरक कशाने पडला तेच लिहायलोय.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, चेनवाली. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम जी फिरवते ती चेन तेलात फिरते म्हणून तिच्या कव्हरला तेल अडवून धरावं लागतं, आणि अशा बऱ्याच इंजिनांत या कव्हरला वेगळं पॅकिंग नसतंच, कंपनीतूनच लिक्विड गॅस्केटवर, म्हणजे अशाच सिलिकॉनवर, बसवलेलं येतं. त्यामुळे कुणी "पॅकिंग बदलून टाकू" म्हणलं की आधी त्याला विचारा कोणतं पॅकिंग. माझं लातूर, अहमदपूर, नांदेड असं येणंजाणं चालूच असतं. लांबून येऊन गाडी लावली की सकाळी फरशीवर तळहाताएवढा डाग, आणि बाहेरच्या अल्टरनेटरच्या बेल्टवर तेल उडून सकाळी स्टार्ट केली की चिरकणं वेगळंच. लोक म्हणतात थोडं तेल जातंय तर जाऊ द्या, टाकत राहा वरून. पण तेल पिऊन बेल्टचं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि तो बेल्ट रस्त्यात तुटला की चार्जिंग बंद, काही गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही असतो, म्हणजे लोहा आणि अहमदपूरच्या मधी कुठंतरी भर उन्हात बसा बोंबलत.

शेवटी औसा रोडच्या बाजूला एका मेकॅनिक चाचांकडं गेलो. त्यांनी बॉनेट उघडून एकदा बघितलं आणि म्हणले, "पहले धो के लाओ मालक, ऐसे कुछ नहीं दिखता." आता 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव हे लातूर, एप्रिलात इंजिनावर पाईप सोडायचा म्हणजे जिवावर येतं, आणि अल्टरनेटरमध्ये पाणी जायची भीती आहेच. मग थंड इंजिनावर डिझेल आणि ब्रश मारून मळ काढला, हवा मारली, पुसून कोरडं केलं. त्यावर जॉइंटला साधी अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी एक चक्कर मारून आणली. पांढऱ्या पावडरीत तेलाची वाट लगेच दिसते. तेल नेहमी खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागं जातं, म्हणून जिथं जास्त ओलं तिथं न बघता सगळ्यात वर कुठं ओलं आहे ते बघायचं.

आणि सगळ्यात वरचं ओलं टायमिंग कव्हरला नव्हतंच! टॅपेट कव्हर (इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण), त्याच्या खालचं हेड आणि टायमिंग कव्हर हे तिघं जिथं एका कोपऱ्यात भेटतात तिथून यायलं होतं. टॅपेट कव्हरला रबरी पॅकिंग असलं तरी त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा एक ठिपका द्यावाच लागतो, तो कुणी दिलाच नव्हता. खाली चेंबरच्या (तेल साठतं ती इंजिनाच्या तळाची टाकी) जवळ टायमिंग कव्हरही खरंच गळायलं होतं, म्हणजे दोन रोग एकदम. वरून पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला तर आत काही वाजेना, चिकटून बसलेला. पिस्टनच्या बाजूने जो गॅस खाली उतरतो त्याला हा व्हॉल्व्ह वाट देतो, तो जाम झाला की आतलं प्रेशर वाढतं आणि जिथं जॉइंट कच्चा तिथून तेल ढकललं जातं. हा भाग स्वस्तात येतो आणि कुणीही बघत नाही. माझं ऐकाल तर कव्हर खोलायच्या आधी हा बघा.

खोलाखोलीचं फार लिहीत नाही. चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकवर इंजिन तोललं, त्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन टेकतं तो रबरी आधार) सोडलं, पुली काढली, चेंबर उतरवलं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात म्हणून चाचांनी पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून जिथला बोल्ट तिथंच खोचून ठेवला. चेंबर काढलं तेव्हा तेलाच्या जाळीत लाल सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे अडकलेले दिसले, बघूनच पोटात गोळा आला. गिलावा केल्यासारखं थापलं की जास्तीचं सिलिकॉन बाहेर येतं तेवढंच आतही जातं, बाहेरचं आपण पुसतो, आतलं सुटून जाळीत बसतं. जाळी तुंबली की ऑइल प्रेशर गेलं आणि इंजिनच गेलं. लीकेज परवडलं पण हे नको.

आता खरं काम, सफाई. जुनं सिलिकॉन काढायला ग्राइंडरवर घासायची चकती लावणारे लै जण आहेत, दोन मिनिटांत चकाचक दिसतं. पण अॅल्युमिनियम मऊ, त्यात खड्डे पडतात आणि चकतीची भुकटी इंजिनात गेली की बेअरिंग खाते. इथं प्लास्टिकच्या पट्टीने, चिवट जागी ब्लेड आडवं धरून, हातानेच काढलं, अर्धा दिवस त्यातच. मग ब्रेक क्लिनर मारून पुसलं. आणि इथंच मला कळलं की आधीची कामं का टिकली नाहीत. ब्लॉकचा तो काठ पुसून कोरडा केला की पाच-दहा मिनिटांत वरून चेनच्या बाजूने एक बारीक थेंब सरकत यायचा आणि काठावर पसरायचा. परत पुसलं, परत आला. घाई असलेला माणूस दोन थेंबांच्या मधी सिलिकॉन लावून मोकळा होतो, पण तेलकट धातूला सिलिकॉन धरतच नाही. चाचांनी सरळ काम थांबवलं, स्वच्छ प्लास्टिक गुंडाळून रात्रभर निथळू दिलं. सकाळी परत क्लिनर, परत कापड, पांढरं कापड पांढरंच निघेपर्यंत. कव्हरवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजही (फट मोजायची पातळ पाती) फिरवला, वाकलेलं नव्हतं.

सिलिकॉन घेताना ब्रँडपेक्षा ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा. ऑइल रेझिस्टंट पाहिजे, सेन्सर सेफ (गाडीच्या सेन्सरला अपाय न करणारं) पाहिजे, आणि तारीख बघा, जुनी ट्यूब नीट सुकत नाही. खिडकीला लावतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अजिबात नको, त्यातून निघणारं अॅसिड धातू खातं. साधारण 3 एमएमची एकसलग रेघ, बोल्टच्या भोकांना आतल्या बाजूने वळसा घालून. कव्हर डॉवेलवर (जागा धरणाऱ्या खुंट्या) सरळ बसवायचं, घासत सरकवायचं नाही, नाहीतर रेघ पुसली जाते. बोल्ट आधी हाताने, मग थोडे थोडे करत टॉर्क रेंचने. 6 एमएमच्या बोल्टला साधारण 10-11 न्यूटन-मीटर, म्हणजे आपल्याकडं टी-पान्याला लटकून कसतात त्याच्या मानाने काहीच नाही, तरी आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. लगेच पूर्ण कसायचं का आधी थोडं थांबायचं हे ट्यूबप्रमाणे बदलतं, तेही वाचूनच करा.

एक गोष्ट मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची. आपल्याला वाटतं 42 डिग्रीत तासाभरात सुकेल, पण हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि एप्रिल-मेत आपल्या हवेत ओलावा असतो कुठं? ट्यूबवर 24 तास लिहिलेले असतील तर कोरड्या हवेत त्याहून जास्त द्या, तेल त्यानंतर भरा. गाडीवाचून अडचण होते, होऊ द्या.

खर्चाचं म्हणाल तर सामान किरकोळ, मजुरीच खरी, आणि ती मला अजिबात जास्त वाटली नाही. नवा बेल्ट त्यातच टाकून घेतला, चिरकणं बंद. तुळजापूर झालं, मांजरसुंब्याच्या घाटातून बीड झालं, भरलेल्या गाडीने एसी लावून झालं, दोन सर्व्हिसच्या मधी वरून तेल टाकावं लागलेलं नाही.

शंभर टक्के कोरडं मात्र म्हणणार नाही. पुलीच्या मागं हलकी ओल दिसते, थेंब पडत नाही. क्रँकचं सील (क्रँकचा दांडा बाहेर येतो तिथं तेल अडवणारं रबरी कडं) नवीन टाकलंय, पण पुलीच्या हबवर जुन्या सीलने घासून चर पाडलेली आहे, नख फिरवलं की अडकतं. चाचांनी सील किंचित पुढंमागं बसवून त्याचा ओठ चरीच्या बाजूला आणलाय. हबवर चढवायची पातळ स्लीव्ह मिळते, माझ्या मापाची लातूरात मिळाली नाही, वाढलं तर हब बदलीन.

लीक थांबवणारी बाटली तेलात टाकू का, असं दोघा-तिघांनी विचारलं. ती रबर फुगवते, त्यामुळे जुन्या कडक सीलला थोडे दिवस फरक पडेलही, पण सिलिकॉनचा जॉइंट सुटलेला असेल तिथं ती काय करणार. आणि तुमची गाडी चेनवाली नसून साध्या कोरड्या टायमिंग बेल्टची असेल तर हे सगळं तुम्हाला लागूच नाही. त्या कव्हरच्या आत तेल नसायलाच पाहिजे, दिसलं तर कॅमचं नाहीतर क्रँकचं सील गेलंय, आणि सील बदलताना तेल लागलेला बेल्ट पुसून परत चढवू देऊ नका, नवीनच टाकायला लावा.