तुवालू की नाउरू : लघुप्रबंधासाठी कोणते बेट घ्यावे?

राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी ‘छोटी राज्ये’ हा विषय घेतो, आणि तो पॅसिफिककडे वळला की त्याच्यासमोर बहुधा हीच दोन नावे येतात. दोन्ही देशांची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, दोन्हीकडे ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो, दोन्ही संसदांत पक्षांना फारसे स्थान नाही, आणि भारत-पॅसिफिक द्वीप सहकार्य मंचात दोघेही आहेत. एवढे वाचकाला ठाऊक आहे असे मी धरतो. मी स्वतः आधी तुवालू घेतला होता, तीन-साडेतीन महिने त्यावर घालवले आणि मग नाउरूकडे गेलो. त्यामुळे पुढील मजकूर अगदी तराजूत तोलून लिहिला आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तुवालूच्या बाजूने बोलण्यासारखे खरोखरच पुष्कळ आहे. ज्याला मुदतीत प्रबंध पूर्ण करायचा आहे त्याने १९८७ साली स्थापन झालेला तुवालू विश्वस्त निधी आधी पाहावा. सुमारे २ कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांवर सुरू झालेल्या या निधीत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांचे पैसे आहेत, पण त्याची खरी खुबी रचनेत आहे. मूळ रक्कम ‘अ’ खात्यात राहते, तिचे मोल ऑस्ट्रेलियातील महागाईच्या मानाने टिकले तरच वरचा नफा ‘ब’ खात्यात उतरतो, आणि सरकारला हात घालता येतो तो फक्त या दुसऱ्या खात्यात. एका प्रकरणाला पुरेल इतके स्वच्छ साहित्य येथे हाती लागते. ‘.टीव्ही’ या तुवालूच्या वाट्याला आलेल्या संकेतस्थळ-प्रत्ययाची कथा सर्वांना माहीत असते. तिच्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा की या प्रत्ययाच्या करारातून आलेल्या पैशामुळे तुवालूला संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च परवडला आणि २००० साली तो त्या संघटनेचा १८९ वा सदस्य झाला.

शासनव्यवस्थाही सुटसुटीत आहे. आठ बेटसमूहांचे प्रत्येकी दोन असे सोळा प्रतिनिधी, त्यांनी निवडलेला पंतप्रधान, आणि राष्ट्रप्रमुख म्हणून ब्रिटनचा राजा. २६ जानेवारी २०२४ रोजी निवडणूक झाली, तेव्हाचे पंतप्रधान कौसेआ नातानो स्वतःच पराभूत झाले, आणि नव्या पंतप्रधानाची निवड जवळजवळ महिनाभर लांबली, कारण समुद्र खवळलेला असल्याने बाहेरच्या बेटांवरील सदस्यांना घेऊन येणाऱ्या बोटी राजधानी फुनाफुटीला पोहोचू शकत नव्हत्या. अखेर फेलेती तेओ बिनविरोध निवडून आले.

समुद्र असा मध्ये येतो, आणि माझी अडचण नेमकी तेथेच सुरू झाली. अर्थव्यवस्थेवरील प्रकरणाचा कच्चा खर्डा मार्गदर्शकांकडून परत आला तेव्हा ‘अ’ आणि ‘ब’ खात्यांचे गणित मांडलेल्या पानाच्या समासात लाल शाईने एकच शब्द लिहिलेला होता : ‘समुद्रपातळी?’ शासनव्यवस्थेच्या प्रकरणावरही तोच शब्द, फक्त प्रश्नचिन्ह दोनदा. विभागातील सादरीकरणात मी संसदेची रचना सांगत असताना पहिला प्रश्न आला, ‘मग हा देश बुडणार कधी?’ घरी बाबांनीही तेच विचारले. यात कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही. जे साहित्य सहज मिळते तेच मुळी असे आहे. तुवालूचे तेव्हाचे मंत्री सायमन कोफे यांनी २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी गुडघाभर पाण्यात उभे राहून केलेले भाषण जगाने पाहिले आणि ते पाहण्यासारखेच होते, परंतु त्यानंतर तुवालूविषयीचा कोणताही लेख उघडला की पहिला परिच्छेद त्या पाण्यात उभा असतो.

माझी चिडचीड केवळ कंटाळ्याची नव्हती. ऑकलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९७१ ते २०१४ या काळात तुवालूच्या जमिनीचे एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. याचा अर्थ धोका नाही असा मुळीच नव्हे. भरतीचे पाणी जमिनीतून वर येते आणि अळूच्या कुळातला पुलाका ज्या खड्ड्यांत लावतात ते खारे होतात. पण हे लिहिले की परीक्षकाला तुम्ही हवामानबदल नाकारत आहात असे वाटते, आणि न लिहावे तर अप्रामाणिकपणा होतो, म्हणून प्रत्येक वेळी दोन पाने खुलासा करावा लागतो. याहून मोठी गोष्ट मला माझाच खर्डा वाचताना जाणवली. माझ्या बहुतेक वाक्यांचा कर्ता समुद्र, देणगीदार किंवा ऑस्ट्रेलिया होता, आणि तुवालूचे सरकार कायम कर्माच्या जागी. २०२३ च्या फालेपिली करारातसुद्धा, ज्यात तुवालूने वर्षाला २८० जणांसाठी ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्याची वाट मिळवली आणि बदल्यात इतरांशी सुरक्षा-करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती घेण्याचे मान्य केले, ही सौदेबाजी बाजूला पडते आणि ‘निर्वासित’ हा एकच शब्द उरतो.

नाउरूच्या खर्ड्यात कर्ता बदलला. येथे जे झाले त्यातले बरेचसे नाउरूवासीयांनी केले, काही त्यांच्यावर लादले गेले, आणि या दोहोंची सरमिसळ उलगडणे हाच प्रबंध होतो. फॉस्फेटचे उत्खनन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परकीयांनी सुरू केले. स्वातंत्र्यानंतर १९७० मध्ये नाउरूने तो उद्योग २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन विकत घेतला, मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभारली आणि २००४ मध्ये कर्जापायी ती गमावली. त्याच देशाने १९८९ साली ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, अधिकारक्षेत्राच्या प्रश्नावर १९९२ मध्ये महत्त्वाच्या मुद्द्यांवर बाजी मारली, आणि पुढच्या वर्षी उजाड झालेल्या जमिनीपोटी १० कोटी ७० लाख डॉलरांची तडजोड पदरात पाडून घेतली. उधळपट्टी आणि मुत्सद्देगिरी एकाच घरात नांदताना दिसतात. तुवालूची माणसेही या गोष्टीत आहेत : फॉस्फेटच्या खाणीवर राबणाऱ्यांत तुवालूचे आणि किरिबातीचे मजूर बरेच होते, आणि उद्योग बसल्यावर त्यांना परत जावे लागले.

मतदानपद्धतीसाठी तर मी नाउरूचा कायमचा ऋणी आहे. तेथे मतदाराने सर्व उमेदवारांना क्रम द्यायचा असतो. पहिल्या पसंतीला एक गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एक तृतीयांश, असे गुण मिळवून बेरीज करतात. ही पद्धत मला कागदावर समजेना, तेव्हा मी मेसमधल्या आम्हा नऊ जणांकडून रविवारच्या जेवणासाठी क्रम लावून घेतला. चौघांनी मटण पहिले लिहिले, तिघांनी पावभाजी, दोघांनी मिसळ. मात्र मटणवाल्यांची आणि मिसळवाल्यांची दुसरी पसंती पावभाजी होती, आणि मटण न निवडणाऱ्या पाचही जणांनी ते शेवटी टाकले होते. बेरजेत पावभाजीला ६ आणि मटणाला ५.६७ गुण पडले. मटणवाले आजही हा निकाल मानत नाहीत. परंतु उमेदवाराला आपल्या गोतावळ्याबाहेरची दुसरी-तिसरी पसंती का मिळवावी लागते, हे मला त्या दिवशी उमगले.

नाउरूचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण कोणी माझ्या भरवशावर विषय बदलला तर त्याची जबाबदारी थोडीफार माझ्यावर येते. फॉस्फेटच्या पैशातून उभारलेल्या जुन्या निधीचे विश्वासार्ह हिशेब शोधण्यात माझा एक महिना गेला, आणि तुवालूच्या निधीच्या तुलनेत हाती फारच थोडे लागले. प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा विचार करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की पत्रकारांसाठीचे व्हिसा-शुल्क २०१४ मध्ये २०० वरून ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाले होते, आणि त्यामागे ऑस्ट्रेलियाने तेथे उभारलेली निर्वासितांची ती छावणी होती जिचा पैसा देशाच्या तिजोरीत फॉस्फेटची जागा घेत होता. राष्ट्राध्यक्षांचा तक्ता करणेही डोकेदुखीचे आहे. जानेवारी २००३ या एका महिन्यात पद रेने हॅरिस यांच्याकडून बर्नार्ड डोवियोगो यांच्याकडे, मग दिवसभरासाठी पुन्हा हॅरिस यांच्याकडे आणि परत डोवियोगो यांच्याकडे गेले. माझ्या तक्त्यात ती ओळ बसेना म्हणून शेवटी त्या महिन्यासाठी वेगळा तक्ता करावा लागला. ज्याला नेटके परिशिष्ट आवडते त्याने तुवालूच घ्यावा, असे मी मनापासून सुचवीन.

जागतिक भूमिकेचे प्रकरण मात्र मला नाउरूकडे फारच उजवे वाटले, कदाचित माझ्या कलामुळे असेल. तुवालू १९७९ पासून चीनऐवजी तैवानला मान्यता देत आला आहे आणि त्यावर लिहायला दोन परिच्छेद पुरतात. नाउरूने २००२ मध्ये चीन, २००५ मध्ये पुन्हा तैवान, आणि २००९ मध्ये जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया व दक्षिण ओसेशिया यांना मान्यता, अशी मते आणि मान्यता जपून खर्च केल्या. जून २०२१ मध्ये तर त्याने जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला एक पत्र पाठवून खोल समुद्रातील खाणकामाचे नियम दोन वर्षांत पूर्ण करण्याची कायद्यातील अट जागी केली, आणि त्या एका पत्राने मोठमोठ्या देशांची शिष्टमंडळे वर्षानुवर्षे बैठकांना बांधली गेली. मासेमारीत दोघे एकत्र आहेत. ट्यूना पकडणाऱ्या परकी बोटींकडून दिवसाच्या हिशेबाने शुल्क घेणाऱ्या आठ देशांच्या ज्या गटात तुवालूही आहे, तो १९८२ च्या नाउरू कराराच्याच नावाने ओळखला जातो.

माझ्या प्रबंधाच्या तीन प्रती जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात बांधून झाल्या. त्यात ‘नाउरू तैवानला मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक आहे’ असे पान ८४ वर छापलेले होते. तैवानमधील निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी, १५ जानेवारीला, नाउरूने पुन्हा चीनची बाजू घेतली. मी ते पान नव्याने लिहिले, आणि लिहिताना मला मजाच वाटत होती. बाइंडिंगवाल्याने मात्र प्रत उसवून पुन्हा बांधण्याचे वेगळे पैसे लावले, तेही तिन्ही प्रतींचे.