दोन दिवसांचं 'विचार कौशल्य' ट्रेनिंग : पाचपैकी साडेतीन

आमच्या ऑफिसने बाहेरची एक ट्रेनिंग कंपनी बोलावली होती, विषय काय तर कामावर नीट विचार कसा करायचा आणि नवीन गोष्ट पटकन कशी शिकायची. नाव वाचूनच मी मनात म्हटलं गेले दोन दिवस वाया, आणि पहिली सकाळ खरंच वायाच गेली. स्लाईडवर स्लाईड, मग एक फॉर्म भरायला दिला की तुम्ही बघून शिकता, ऐकून शिकता की हाताने करून. अरे बाबांनो, त्या त्या स्टाईलप्रमाणे शिकवलं की जास्त शिकता येतं याला धड पुरावा नाही हे २००८ मध्येच पाश्लर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी सगळा अभ्यास तपासून सांगितलंय, अजून काय हे विकताय! एक स्टार तिथेच कापला.

पण दुपारी ट्रेनरबाईंनी आमचीच एक चूक फळ्यावर घेतली. क्लायंटला गेलेल्या रिपोर्टमध्ये मागच्या महिन्याचे आकडे गेले होते, का? सगळे एका सुरात, "लक्ष दिलं नाही." बाईंनी ते लिहिलं आणि लगेच पुसलं, म्हणाल्या हे कारण नाही, हे ओरडणं झालं, पुढे विचारा. मग का, का करत पाचव्या 'का'ला फोल्डर उघडलं तर त्यात 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच' अशा तीन फाईली, आणि नाव कसं द्यायचं हे कुणी ठरवलेलंच नाही. हा पाच वेळा 'का'चा प्रकार टोयोटाचा, जुनाच आहे, पण स्वतःच्या घाणीवर लावला की वेगळाच झोंबतो.

दुसऱ्या दिवशीचं मला सगळ्यात आवडलं. एक पान वाचायचं, बंद करायचं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. मला अर्धंसुद्धा आठवेना, शेजारचा तर नुसता पेन चावत बसला. बाईंनी रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग सांगितला, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे आपण नवीन सॉफ्टवेअरचं मॅन्युअल चारदा वाचून "आलं मला" म्हणतो ना, ते आलेलं नसतंच.

नंतर तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि महिन्याने तीन-तीन प्रश्नांचे मेल आले. वैताग यायचा, पण ट्रेनिंगमधलं जे काही आज माझ्या डोक्यात शिल्लक आहे ते त्या मेलमुळेच. नंतर बंद झाले, विचारलं तर म्हणे पॅकेजमध्ये एवढेच. हे चुकलंच त्यांचं.

आणि आमचे साहेब दोन्ही दिवस मागच्या रांगेत मोबाईलवर. पुढच्याच मीटिंगमध्ये नव्या मुलीने विचारलं "सर, पण हे का करायचं?" तर उत्तर "वेळ नाहीये आत्ता". ती परत काही विचारायच्या भानगडीत पडली नाही. आता यात ट्रेनिंगवाल्यांचा दोष किती ते तुम्हीच बघा.

कुणी बोलावणार असाल तर स्टाईलवाला फॉर्म काढायला लावा, मेल निदान सहा महिने चालू ठेवायचं आधीच लिहून घ्या, आणि साहेबांना पहिल्या रांगेत बसवा, मोबाईल बाहेर ठेवून.